खान्देशातून फर्स्ट क्लास: जोडीदाराला भेटायला जाताना अपग्रेड कसं मिळवावं

अपग्रेड विमानतळावर मिळतं असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचा निकाल तिकीट काढतानाच निम्म्याहून जास्त लागलेला असतो. कोणतं भाडं घेतलं, विमान कोणतं आहे, तिकीट कोणत्या कंपनीनं दिलं आणि एका पीएनआरवर किती नावं आहेत, या चार गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. काउंटरवर कोट घालून गेल्यानं किंवा लग्नाचा वाढदिवस आहे असं सांगितल्यानं पुढची सीट मिळत नाही, कारण तिथल्या कर्मचाऱ्याच्या हाती तो निर्णय बहुतेक वेळा नसतोच.

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारकडच्या बऱ्याच घरांत आता एक जण इकडे आणि दुसरा दुबई, लंडन किंवा फ्रँकफर्टला असतो. दोघांच्या सुट्ट्या मोजक्या, म्हणून भेट तिसऱ्याच ठिकाणी ठरते. पुढचं सगळं अशाच एका उदाहरणावर सांगतो: ती जळगावहून निघणार, तो फ्रँकफर्टहून, दोघं सिंगापूरला भेटणार आणि तिथून बालीला जाणार.

अपग्रेड कुणाला, कुठल्या टप्प्यावर

पॉइंट (विमान कंपनीच्या सदस्य योजनेत जमणारे गुण, काही कंपन्या त्यांना माइल्स म्हणतात) आणि पैसे दोन्ही थोडे असतात, म्हणून ते सगळीकडे सारखे वाटू नका. फ्रँकफर्ट ते सिंगापूर हा बारा तासांच्या पुढचा टप्पा आहे, मुंबई ते सिंगापूर साडेपाच तासांचा, आणि सिंगापूर ते बाली जेमतेम अडीच तासांचा. अपग्रेड एकच होणार असेल तर ते फ्रँकफर्टहून येणाऱ्याला द्या. बारा तास बसून आलेला माणूस सुट्टीचा पहिला दिवस झोपेत घालवतो, आणि तो दिवस दोघांचाही जातो. बालीच्या टप्प्यावर एक पॉइंटही खर्च करू नका. जेवण येतं, ट्रे उचलला जातो, तोवर विमान उतरायला लागतं.

दुसरी कसोटी रात्रीची. पूर्ण आडवी होणारी सीट रात्रीच्या विमानात कामाची. दिवसा निघून संध्याकाळी पोचणाऱ्या विमानात तीच सीट म्हणजे ऐसपैस खुर्ची. मुंबई ते दुबई तीन तासांच्या आसपास, त्यामुळे तो टप्पा फर्स्टमधून जायला कितीही मोह झाला तरी तिथे पॉइंटचं चीज होत नाही. मुंबई ते लंडन नऊ-दहा तास आहे, तिथे होतं.

जळगाव विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या एटीआर विमानांत एकच वर्ग असतो, तिथे अपग्रेडचा प्रश्न येत नाही. त्या टप्प्याचा विचार फक्त वेळेच्या हिशेबानं करा.

तिकीट काढताना

सगळ्यात स्वस्त भाडं बहुतेक कंपन्यांकडे अपग्रेडला चालत नाही. नावं वेगळी असतात: कुठे लाइट, कुठे स्पेशल, कुठे बेसिक. सिंगापूर एअरलाइन्सच्या इकॉनॉमी लाइट तिकिटावर माइल्सनं अपग्रेड होत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या सगळ्यात खालच्या इकॉनॉमी भाड्यालाही एव्हिऑसनं, म्हणजे त्या कंपनीच्या पॉइंटनं, अपग्रेड नाही. ही अट भाड्याच्या नियमांत 'अपग्रेड' या ओळीसमोर लिहिलेली असते. ती ओळ पैसे भरण्याआधी वाचा, कारण नंतर भाडं बदलायचं म्हणजे फरक अधिक दंड.

प्रत्येक तिकिटावर भाड्याचं एक इंग्रजी अक्षर असतं. वाय म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, जे आणि सी म्हणजे वरच्या भाड्याची बिझनेस, एफ म्हणजे फर्स्ट. इकॉनॉमीत वाय, बी, एम ही अक्षरं वरच्या पायरीवर आणि बाकीची त्याखाली, असा साधारण क्रम आहे. खालची अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या एका कंपनीचे माइल्स वापरून दुसऱ्या कंपनीच्या विमानात अपग्रेड घ्यायचं असेल तर फक्त वरच्या अक्षरांची महागडी तिकिटंच चालतात. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण एअर इंडियाचे पॉइंट लुफ्थान्सावर वापरायची आशा धरतात. स्वस्त तिकिटावर ती आशा फोल ठरते. साधा नियम असा की ज्या कंपनीचे पॉइंट आहेत, त्याच कंपनीचं विमान आणि त्याच कंपनीनं दिलेलं तिकीट घ्या.

तिकीट कुणी दिलं हे ई-तिकिटाच्या तेरा आकडी क्रमांकाच्या पहिल्या तीन आकड्यांवरून कळतं. एअर इंडियाचा ०९८, एमिरेट्सचा १७६, सिंगापूर एअरलाइन्सचा ६१८, लुफ्थान्साचा २२०, स्विसचा ७२४, ब्रिटिश एअरवेजचा १२५, कतारचा १५७, एतिहादचा ६०७. विमान एकाचं आणि तिकीट दुसऱ्याचं असेल तर दोन्ही कंपन्यांचे कॉल सेंटर एकमेकांकडे बोट दाखवतात आणि अपग्रेड लटकतं. गावातल्या एजंटकडून तिकीट काढत असाल तर त्याला भाड्याचं अक्षर आणि हे तीन आकडे स्पष्ट सांगा. तो सहसा स्वस्तातलं स्वस्त शोधून देतो, आणि तेच इथे नको असतं.

आता विमान. फर्स्ट क्लास सगळ्या विमानांत नसतो. एमिरेट्सच्या ए-३८० च्या बहुतेक विमानांत फर्स्टच्या १४ बंद सीट असतात, पण त्याच कंपनीची फर्स्ट नसलेली ए-३८० सुद्धा आहेत. बोइंग ७७७ चंही तसंच. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए-३८० मध्ये ४७१ जागांपैकी फक्त सहा सूट्स, म्हणजे फर्स्टच्या बंद खोल्या, असतात. त्यातल्या खिडकीकडच्या पहिल्या दोन-दोन सूट्समधली भिंत खाली घेऊन दोघांची एकत्र जागा होते, म्हणून जोडप्यांचा त्यावर डोळा असतो. पण सहाच जागा असल्यानं अपग्रेडला त्या क्वचितच सुटतात. तिकीट काढण्याआधी त्या तारखेचा सीट नकाशा उघडून पाहा. वेळापत्रकात विमान बदललं की फर्स्ट क्लासच गायब होऊ शकतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी नकाशा पुन्हा बघत जा.

आणि पायरीचा नियम विसरू नका. अपग्रेड जवळपास सगळीकडे एकच वर्ग वर जातं. इकॉनॉमीतून थेट फर्स्टमध्ये कुणी नेत नाही. फर्स्ट हवा असेल तर हातात बिझनेसचं तिकीट असायला हवं. ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपनीत इकॉनॉमीच्या वर प्रीमियम इकॉनॉमी असते, तिथे एक पायरी म्हणजे तेवढीच. म्हणून खऱ्या फर्स्ट क्लासचा रस्ता असा: लवकर, सेलमध्ये, अपग्रेड चालणारं बिझनेस भाडं घ्यायचं आणि तिथून पॉइंटनं वर जायचं. ज्यांना तेवढा खर्च नको, त्यांनी इकॉनॉमीतून बिझनेस हेच ध्येय ठेवावं. झोप दोन्हीकडे आडवी होऊनच मिळते.

पॉइंट: कुठून जमवायचे, कधी खर्चायचे

जळगावात बसून विमानानं फिरून माइल्स जमत नाहीत, ते कार्डावर जमतात. बँकेच्या कार्डाचे पॉइंट विमान कंपनीत वळवता येतात, पण वळवलेले परत येत नाहीत. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी कंपनीच्या साइटवर त्या तारखेला अपग्रेडची जागा दिसते का पाहा, मगच पॉइंट वळवा. काही बँकांचे पॉइंट काही मिनिटांत पोचतात, काहींना दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा गेली तर पॉइंट नको त्या खात्यात अडकतात. बँकांनी वर्षाला किती पॉइंट वळवता येतील याची मर्यादाही घातलेली असते, ती आपल्या कार्डाच्या अटींत शोधा.

खर्च कशावर होतो यावर पॉइंट ठरतात. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं यावर बऱ्याच कार्डांना काही मिळत नाही. जळगावच्या सराफ बाजारात लग्नाच्या सोन्यावर मोठी रक्कम जाते, पण सोन्याच्या खरेदीवर पॉइंट मिळणं-न मिळणं कार्डागणिक वेगळं आहे. त्यात सराफानं कार्डाचे दोन टक्के वर मागितले तर मिळणारे पॉइंट त्यातच वाहून जातात. मोठं बिल कार्डावर देण्याआधी दोन्ही गोष्टी विचारा.

पॉइंट वापरणं परवडतं का, हे कागदावर मांडून बघा. समजा मुंबई–सिंगापूर लाइट भाडं २४,००० रुपये आहे, अपग्रेड चालणारं इकॉनॉमी भाडं ३२,००० आहे आणि बिझनेसचं थेट तिकीट ९२,०००. अपग्रेडला ४०,००० पॉइंट आणि ६,००० रुपये कर लागतो. थेट बिझनेसशी तुलना केली तर ५४,००० रुपये वाचले, म्हणजे पॉइंटला १ रुपया ३५ पैसे भाव आला. हा झाला कंपनी दाखवते तो हिशेब. दुसरा हिशेब आपला. लाइट तिकिटावर गेला असतात तर २४,००० लागले असते. आता १४,००० रुपये जास्त गेले आणि ४०,००० पॉइंट गेले. तोच पॉइंट हॉटेलला एक रुपयानं चालत असेल तर साडेपाच तासांच्या पलंगाला ५४,००० पडले, तासाला साधारण ९,८००. बारा तासांच्या फ्रँकफर्ट टप्प्यावर तेवढाच खर्च तासाला ४,५०० वर येतो. लांब टप्प्याचा आग्रह एवढ्याचसाठी.

कराकडेही लक्ष द्या. भारतातून निघणाऱ्या बिझनेस आणि फर्स्ट तिकिटांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी तो १२ होता. इकॉनॉमीवर ५ टक्के आहे. लंडनहून निघणाऱ्याला ब्रिटनचा हवाई प्रवासी कर लागतो आणि वरच्या वर्गात तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. पॉइंटनं अपग्रेड केलं तरी हा फरक रोखच भरावा लागतो. लंडनहून सुट्टी सुरू करणाऱ्यानं जाताना इकॉनॉमी आणि परतीला अपग्रेड असा विचार करून पाहावा.

आपले पॉइंट जोडीदाराला वापरता येतात का? बहुतेक ठिकाणी येतात, पण नाव आधी नोंदवावं लागतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या सदस्य योजनेत पाच जणांची नावं नोंदवता येतात आणि माइल्स तीन वर्षांनी संपतात. इथे नावाची गफलत नेहमीची आहे. पासपोर्टवर माहेरचं नाव, कंपनीच्या खात्यात सासरचं, तिकिटावर मधलं नाव गाळलेलं: अशा खात्यातून अपग्रेड अडकतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव खातं, नोंदणी आणि तिकीट तिन्हीकडे अक्षरशः सारखं ठेवा.

बोली लावून अपग्रेड

पॉइंट नसतील तर बोली हा सगळ्यात सरळ रस्ता. कंपनी निघण्याच्या काही दिवस आधी ईमेल पाठवते किंवा 'माझं बुकिंग' या पानावर पर्याय दाखवते. तिथे कमीत कमी आणि जास्तीत जास्त रकमेची पट्टी असते. पट्टीवर 'चांगली संधी' किंवा 'कमी संधी' असा काटा हलतो. त्यावर फार विसंबू नका, तो तुम्हाला वर ढकलायलाच बसवलेला असतो. रक्कम दर माणशी, दर टप्प्याची असते. एका पीएनआरवर दोघं असाल तर आकडा दुप्पट होतो आणि दोघांचं होतं किंवा कुणाचंच नाही.

किती लावावं? कमीत कमी रकमेच्या थोडंसं वर, पट्टीच्या खालच्या पाव भागात, ही आमची शिफारस. सगळे जण किमान रकमेवरच थांबतात, त्यामुळे त्याच्या हजार-दीड हजार वरची बोली रांगेत पुढे जाते. आकडा गोल ठेवू नका: २०,००० ऐवजी २१,३०० लावा, कारण गोल आकड्यांवर गर्दी असते. वरची हद्द आधी ठरवा, आणि विमान कंपनी त्याच दिवशी थेट विकत असलेल्या बिझनेस तिकिटाशी ती ताडून पाहा. बोली अधिक मूळ तिकीट मिळून सेलच्या बिझनेसपेक्षा महाग होत असेल तर बोली लावूच नका.

निकाल बहुधा निघण्याच्या तीन दिवस ते एक दिवस आधी येतो. बोली मंजूर झाली की पैसे आपोआप कापले जातात आणि परत मिळत नाहीत. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का हे आदल्या आठवड्यात बँकेच्या ॲपमध्ये तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर ही सोय बंदच असते, ती आपण सुरू करावी लागते. मर्यादाही बोलीपेक्षा जास्त ठेवा. रात्री दोन वाजता पैसे कापायचा प्रयत्न फसला तर कंपनी पुढच्या नावाकडे वळते, तुम्हाला उठवत नाही. परकीय चलनात बोली असेल तर बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लागतो, तो धरून हद्द ठरवा.

बोलीच्या अपग्रेडमध्ये लाउंज, जादा सामान आणि जादा माइल्स मिळतीलच असं नाही. माइल्स बहुधा मूळ भाड्याचेच मिळतात. आधी पैसे देऊन घेतलेली जादा पायजागेची सीट वर गेल्यावर निरुपयोगी होते, तिचे पैसे परत मिळणं कंपनीवर अवलंबून. बोली लावली असेल तर सीटवर वेगळा खर्च करू नका.

कोणत्या दिवशी सुटतं

बिझनेस क्लास ऑफिसच्या कामानं फिरणारे लोक भरतात. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो गच्च असतो. शनिवारी, आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि सणासुदीच्या ऐन दिवशी तो रिकामा राहतो. आखाजीच्या सुमारास, म्हणजे एप्रिल–मेमध्ये, मागची इकॉनॉमी कुटुंबांनी भरते आणि पुढे जागा उरते. फुकटचं अपग्रेड होतं ते अशाच वेळी: इकॉनॉमीची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकली गेली की कंपनी काहींना पुढे सरकवते. तेव्हा आधी कंपनीच्या सिल्व्हर-गोल्ड सदस्यांचा, मग चांगल्या भाड्यावरच्यांचा, मग एकट्या प्रवाशाचा नंबर लागतो. म्हणून कंपनीचं सदस्यत्व फुकट असलं तरी घ्या आणि क्रमांक बुकिंगमध्ये टाका. बाकी यावर काही बेतू नका.

काउंटरवर रोख अपग्रेड विकतात, आणि ते कधी कधी बोलीपेक्षा स्वस्त पडतं. काउंटर उघडताच पोचा, बॅग देण्याआधी एकदा सरळ विचारा: "आज पुढच्या वर्गात पैसे भरून अपग्रेड आहे का? किती पडेल?" आकडा मनातल्या हद्दीत असेल तर घ्या. नसेल तर गेटवर पुन्हा एकदा विचारा. घासाघीस चालत नाही, दर संगणकावरून येतो. गेटवर पॉइंट बहुधा घेत नाहीत, कार्डच लागतं.

खान्देशातून मुंबई गाठणं

वरच्या वर्गाचं तिकीट खिशात असून विमान चुकलं तर सगळंच गेलं, म्हणून या टप्प्याला पुरता वेळ द्या. जळगाव ते मुंबई रेल्वेनं ४२० किलोमीटर, सात-आठ तास. रात्रीच्या विमानासाठी सकाळची गाडी धरा, दुपारची नको. जून ते सप्टेंबर कसारा घाटात पावसानं रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडतात, त्या महिन्यांत आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. हॉटेलचे तीन-चार हजार वाचवायला जाऊन लाखाचं तिकीट पणाला लावू नये.

धुळ्याहून मोटारीनं जाणाऱ्यांना मुंबई–आग्रा महामार्गानं नाशिककडे येऊन इगतपुरीजवळ समृद्धी महामार्ग धरता येतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसाऱ्याची कोंडी टळली. आमण्यापासून पुढे भिवंडी–ठाण्याच्या गर्दीला मात्र दोन तास धरा. मुंबईत रेल्वेनं उतरलात तर मेट्रो तीनला विमानतळाच्या टी-२ चं स्वतंत्र स्टेशन आहे.

रेल्वेतही अपग्रेड आहे. आरक्षण करताना 'ऑटो अपग्रेडेशन'ची खूण करा. चार्ट बनताना वरच्या वर्गात जागा उरली तर पूर्ण भाड्याच्या प्रवाशाला जादा पैसे न घेता वर नेतात. पीएनआर तोच राहतो, डबा आणि बर्थ बदलतो. म्हणून गाडीत चढण्याआधी चार्ट पुन्हा पाहा, नाहीतर जुन्या डब्यात सामान लावून झाल्यावर तिथे दुसराच प्रवासी येतो.

एक मोठी चूक टाळा. छत्रपती संभाजीनगर–मुंबई–सिंगापूर असं एकसलग तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढायचं आणि सोयीचं म्हणून रेल्वेनं थेट मुंबई गाठायचं, असं केलं तर पहिला टप्पा न उडाल्यामुळे पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीसकट. अपग्रेडही त्याबरोबर जातं. याउलट जळगाव–मुंबई वेगळ्या तिकिटावर असेल आणि ते विमान उशिरा आलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. वेगळ्या तिकिटांत किमान सहा-सात तासांची फट ठेवा.

भेटीची जागा

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर भेटायचं ठरवताना व्हिसा आड येतो. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. दोघांची तिकिटं थेट बालीपर्यंतची असतील आणि बॅगा पुढे जात असतील तर आतल्या आत विमान बदलता येतं, व्हिसा लागत नाही. टी-१, टी-२, टी-३ आतून स्कायट्रेननं जोडलेले आहेत, टी-४ ला बस आहे. पण बाली वेगळ्या तिकिटावर काढलं आणि बॅग उचलून पुन्हा द्यायची वेळ आली तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि तिथे व्हिसा हवा. विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल मॉलमधला तो प्रसिद्ध धबधबाही इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे विसरून पुष्कळ जण तिथे भेटायचं ठरवतात. दोघांच्या विमानांत निदान तीन-चार तासांचं अंतर ठेवा आणि जमायची जागा टर्मिनलचं नाव घेऊन ठरवा.

दोघांचे पीएनआर वेगळेच ठेवा. एकाचं अपग्रेड झालं तर दुसऱ्याचं अडत नाही. पुढचा बालीचा टप्पा एकत्र असेल तर कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या. विमान बदललं किंवा रद्द झालं तर दोघांना एकत्र हलवलं जाण्याची शक्यता वाढते. लाउंजमध्ये जोडीदाराला पाहुणा म्हणून नेता येईल का हे वर्गावर नव्हे, बहुधा सदस्यत्वाच्या पायरीवर ठरतं. आधी विचारा, नाहीतर इतक्या महिन्यांनी भेटून एक आत आणि एक बाहेर बसेल.

अपग्रेड झाल्यावर लगेच तपासा

अपग्रेड झालं की तिकीट पुन्हा काढलं जातं, आणि याच वेळी गोष्टी गळतात. नवीन ई-तिकीट उघडून बघा: पुढचा आणि परतीचा टप्पा अजून आहे का, प्रत्येकासमोर 'कन्फर्म' आहे का, सामानाची मर्यादा किती दिसते. वेटलिस्टवरचं अपग्रेड म्हणजे झालेलं अपग्रेड नव्हे, त्यात पॉइंट मात्र अडकून राहतात.

सगळ्यात जास्त गळतं ते जेवण. शाकाहारी जेवणाची विनंती जुन्या वर्गाबरोबर पुसली जाऊ शकते. निघण्याच्या चोवीस तास आधी ती पुन्हा नोंदवा. संकेत नीट बघा: एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, आणि एचएनएमएल म्हणजे हिंदू जेवण, जे मांसाहारी असतं. नाव वाचून तेच निवडणारे खूप आहेत.

जोडीदारासाठी काळा मसाला, लाल तिखट, बिबड्या नेत असाल तर मसाला आणि तिखट चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत तिखट सापडलं की सुरक्षा तपासणीत ते काढून घेतात, वर्ग कुठलाही असो.

खाली उतरवलं तर

विमान बदललं किंवा सीट बिघडली म्हणून कंपनीनं तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं तर भरपाई मिळते. डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. देशांतर्गत प्रवासात करासकट तिकिटाच्या ७५ टक्के, आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १,५०० ते ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई–सिंगापूर अंतर ३,५०० च्या वर आहे. युरोपहून निघणाऱ्या विमानांनाही हीच टक्केवारी युरोपीय नियमानं लागते. पॉइंटनं घेतलेलं अपग्रेड गेलं तर पॉइंट आणि भरलेला कर परत मागा. बोलीचं असेल तर बोलीची रक्कम. त्यासाठी जुना बोर्डिंग पास, नवा बोर्डिंग पास आणि वर्ग बदलल्याची काउंटरवरची लेखी नोंद हे तीन कागद लागतात. नोंद गेटवरच मागून घ्या, कारण उतरल्यावर ती देणारा माणूस सापडत नाही.